विहीणबाईंची आलुबुखाराची बाटली

सुरतेत दारू मिळत नाही असं सरकार म्हणतं, आणि आम्ही मान डोलावतो. त्यामुळे नातीच्या लग्नात एक बाटली नवापूरला अडकून बसली आणि आम्हालाच तिच्याकडे जावं लागलं.

नात चेक देशात, कापड विणायच्या मागांच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. लग्न सुरतेत ठरलं, तेव्हा मुलाची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाईच म्हणायच्या, इकडे आल्या. नातू जन्मला त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने परसातल्या आलुबुखारांची दारू गाळून एक बाटली बाजूला ठेवली होती. स्लिवोवित्से म्हणतात तिला. नातवाच्या लग्नात उघडा, पहिला घोट मुलीकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला द्या, असं सांगून तो माणूस गेला. बाटली विमानाने मुंबईला उतरली. तिथून माझ्या भावाने ती रस्त्याने नवापूरला आपल्या घरी नेली, परवान्याचंही त्यानेच बघितलं. नवापूर महाराष्ट्रात, तिथल्या फलाटावर मध्येच कुठेतरी गुजरात संपतो.

वडीलधारं माणूस म्हणजे मी. पंचाईत तिथेच होती.

लग्न होऊन सुरतेतल्या कतारगामला आले तेव्हा मी बाविशीची होते आणि स्वतःला रणरागिणी समजत होते. चोरून दारू विकणाऱ्यांविरुद्ध गल्लीतल्या बायकांनी मोर्चा काढला, त्यात मी सगळ्यांच्या पुढे. एका ओट्यावरच्या मडक्याचा वास घेतला, ते फोडलं आणि खापरांवर उभी राहून शपथ घेतली, की जिवात जीव आहे तोवर थेंबाला शिवणार नाही. मडक्यात शेजारणीने लोणच्यासाठी घातलेला उसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होता. बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आणि ज्या नवऱ्याला वाचवायला मी निघाले होते, तो बिचारा चहाशिवाय कशाला हात लावत नव्हता. सिरका मातीत गेला, शपथ तेवढी उरली.

नवापूरच्या गाडीत विहीणबाई खिडकीशी, मी पलीकडे, नात मध्ये दुभाषी. मी त्यांच्या गावी पाहुणी गेले की मला काय काय पाजणार, ते त्या सांगत होत्या. आधी बिअर, कारण तिकडे ती जेवणाबरोबरच येते. थंडीत दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन. मधापासून केलेली गोड दारू. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाहून येणारी कडू, जडीबुटीची, पोटाला बरी. द्राक्षं निघाली की त्यांचा अर्धवट आंबलेला रस, घट्ट बूच लावलं तर बाटलीच फोडणारा. कडूवाली आमच्या काढ्याची बहीण दिसते, असं मी म्हटलं, तेव्हा विहीणबाई खूप हसल्या.

व्यारा स्टेशन गेलं. माझ्या शपथेचं नातीने त्यांना सांगितलं होतं; त्या म्हणाल्या, की मी नाही घेतली तरी त्या रागावणार नाहीत. बाटली तशीच परत नेतील आणि नवऱ्याच्या थडग्यावर ओततील. हे सांगताना त्या बाहेरच बघत होत्या.

भावाकडे पोचलो. भावजयीने देवघरातल्या सोडून घरातल्या सगळ्या लहान वाट्या मांडल्या. विहीणबाईंनी बूच काढलं, पहिली वाटी भरली आणि माझ्यासमोर धरली. मी हात पुढे केला तसा भाऊ म्हणाला, "अक्का, काय करी ऱ्हायनी तू? शपथ इसरी गई का?"

"नाही विसरले," मी म्हटलं. "पण बावीस वर्षांच्या पोरीचं मी सत्तरीत का ऐकू? तिला दारू आणि सिरका यांतला फरक कळत नव्हता."

पिताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर अपशकुन, असं नातीने बजावलं. मी बघितलं आणि प्यायले. घशातून निखारा उतरला, आणि मागून झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळाचा वास आला. विहीणबाईंनी आपली वाटी एका घोटात रिकामी केली आणि त्या छताकडे बघून हळूच काहीतरी बोलल्या. नातीने त्याचं भाषांतर केलं नाही, मीही विचारलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि बाटली पुन्हा उचलली.

"आजी, त्या म्हणतात, माणूस एका पायावर उभा राहत नाही," नात म्हणाली. "दुसऱ्या पायासाठी दुसरी घ्यायची असते."

मी वाटी पुढे केली. आता भावाचाही हात पुढे आला. त्याला म्हटलं, आधी वडीलधाऱ्यांचे दोन्ही पाय होऊ देत, तू रांगेत थांब.