वय सरल्यावरही दादा पळत होता

माझा मोठा भाऊ सैन्यभरतीच्या वयातून बाहेर पडला, तरी रोज पहाटे वडूजच्या रस्त्यावर पळतच होता. त्याला लोणंदच्या कारखान्यातून कामाचं बोलावणं आलेलं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. हा हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसता पळे.

मी मानसशास्त्र शिकत होते, उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहीत होते. गप्प बसवेना. वर्तनवाद म्हणतो, बक्षीस मिळतं म्हणून माणूस तेच ते करतो. दादा पळून आला की आई भिजवलेले हरभरे आणि दूध पुढं ठेवायची. मी ते बंद करायला लावलं. दुसऱ्या दिवशी गडी तरीही पळाला! मग मनोविश्लेषण काढलं. आमचे आबा माजी सैनिक. बापाची वर्दी पोराच्या मनात खोल रुतली असणार. असेल, पण त्याचं करायचं काय? राहिला बोधात्मक दृष्टिकोन : माणसाची चुकीची समजूत शोधा. सरळ विचारलं, "दादा, वय गेलंय हे कळतंय ना तुला?"

"न कळायला मी खुळा हाय व्हय? तू तुजी पत्रकं वाट जा."

डोकं फिरलं माझं. सगळे सिद्धांत कारण नुसतं त्याच्या डोक्यातच शोधत बसलेले. घराच्या सोप्यात काय चाललंय ते कोण बघणार? तिथं पाहुणा टेकला की चहाच्या आधी विचारतो, पोरगं काय करतंय? आणि आबा छाती काढून सांगतात, "भरतीची तयारी चाललीय." वय सरलं तरी तेच. बाप चारचौघांत खोटा पडू नये म्हणून पोरगं पळत होतं. समाज माणसाला कसा घडवतो हे आमच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात, तेही परीक्षेला न येणाऱ्या!

रविवारी मी आबांना तोंडावर म्हणाले, "आवं आबा, तुमी सांगायचं थांबवा, म्हंजे त्यो पळायचा थांबंल."

"लय शिकलीस," आबा म्हणाले आणि उठून गेले.

संध्याकाळी मामा आले. बसायच्या आत तोच प्रश्न. दादा दारातच उभा होता. आबांनी चहा फुंकला, पुन्हा फुंकला.

"वय गेलं त्येचं," ते म्हणाले. "लोणंदला बोलावलंय कामावर."

मामा नुसतं "बरं" म्हणाले. मग दादा खाकरला.

"लोणंदची पयली गाडी कवा हाय गं?"