फेलिमच्या खिडक्या

डेलिया गिलहूलीच्या घरातून चहा न घेता कोणी बाहेर पडलं, असं आयर्लंडातल्या ड्रमकील गावात कोणी ऐकलेलं नाही. पोस्टमन असो, पाद्री असो, वाट चुकलेला जर्मन सायकलवाला असो. टीव्हीच्या परवान्याची चौकशी करायला आलेला तो सुतकी चेहऱ्याचा इन्स्पेक्टरसुद्धा दोन कप चहा पिऊन आणि सफरचंदाच्या टार्टचा मोठा तुकडा खाऊन गेला आणि ज्या कामासाठी आला होता ते विसरला. चहाची किटली डेलियाच्या लोखंडी चुलीवर कायम असायची, कारण चूल कधी विझतच नसे. रोज रात्री झोपण्यापूर्वी निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी राख बाजूला करून फुंकर मारायची. आईनं हे केलं, आजीनं केलं. लोखंडी चूल घरात आली त्या दिवशी जुन्या भिंतीतल्या चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन आईनं स्वतः तिच्यात टाकले होते. म्हणजे विस्तव जुनाच, फक्त घर बदललं त्याचं.

डेलिया एकाहत्तर वर्षांची होती, भाऊ फेलिम अठ्ठ्याहत्तरचा. दोघंही बिनलग्नाची, एकाच छपराखाली जन्मलेली आणि तिथंच म्हातारी झालेली. मधली अकरा वर्षं फेलिम इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, इमारतींच्या कामावर होता. परत आला तो एका व्हॅनच्या टपावर ॲल्युमिनियमच्या सात खिडक्या बांधून. चार दिवसांत त्यानं जुन्या कुजक्या लाकडी चौकटी उखडल्या आणि नव्या बसवल्या. आजूबाजूच्या पाच गावांत तशा खिडक्या कोणाकडे नव्हत्या. रविवारी चर्च सुटल्यावर माणसं रस्त्यावर उभी राहून त्या चकाकत्या चौकटींकडे बघायची, आणि फेलिम दारात खिशात हात घालून, आपलं काही विशेष नाही अशा थाटात आभाळाकडे बघत उभा राहायचा.

त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली. एकेरी काच आणि उघडा धातू. ऑक्टोबर लागला की आतल्या बाजूनं पाणी सुटायचं ते एप्रिलपर्यंत. डेलिया जुन्या टॉवेलांच्या वळकट्या करून प्रत्येक खिडकीच्या पायथ्याशी ठेवायची आणि पहाटे, फेलिम उठायच्या आत, बादलीत पिळून काढायची. दीड बादली पाणी निघायचं. कपाटामागची काळी बुरशी ती दर महिन्याला घासायची आणि दर महिन्याला ती परत यायची, सासरी न रमणाऱ्या लेकीसारखी. हे सगळं ती कोणाला सांगत नसे. फेलिमला तर नाहीच नाही. खिडक्यांना नावं ठेवणं म्हणजे त्याला ठेवण्यासारखं.

मग सप्टेंबरात फेलिमची छाती बसली. आयुष्यभर कुबट वैरणीची धूळ खाल्लेली छाती, तिचं काय उरलं असणार. हॉस्पिटलात तीन आठवडे काढल्यावर डॉक्टरांनी साफ सांगितलं, की ओल आणि बुरशी असलेल्या घरात हा माणूस परत गेला तर पुन्हा ॲम्ब्युलन्स बोलवायचीही वेळ मिळणार नाही. हॉस्पिटलातल्या समाजसेविका कीन या शहाण्या बाई. त्यांनी डेलियाला बसवून जिल्ह्याच्या कौन्सिलचा अर्ज भरून घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या घरच्या जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचांच्या बसवायला सरकार पैसे देत होतं, जवळजवळ सगळा खर्च. "माणूस येऊन घर बघून जाईल," कीन म्हणाल्या. "त्यानं होय म्हटलं, की फेलिमला घरी न्यायचं बघू."

माणूस येऊन घर बघून जाईल! एवढं एकच वाक्य डेलियाच्या डोक्यात राहिलं.

तिनं आठ दिवस घराला उसंत दिली नाही. भिंती क्लोरीनच्या पाण्यानं धुतल्या, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कपाट सरकवलं. शेजारच्या जोसी मॅकगोवनकडून लेसचे पडदे मागून आणले. आणि तिन्ही खोल्यांत शेकोट्या पेटवल्या. दलदलीतल्या जळाऊ मातीच्या विटा कापून, उन्हाळाभर वाळवून रचून ठेवलेलं जळण तिनं त्या आठ दिवसांत असं जाळलं की शेडची मागची भिंत दिसायला लागली. ती भिंत एरवी फेब्रुवारीत दिसायची. कौन्सिलचा माणूस यायच्या सकाळी तिनं सातही काचा तीनदा पुसल्या, टॉवेल धुवून वाळवून कपाटात घातले आणि आईच्या सोनेरी काठाच्या कपबश्या बाहेर काढल्या.

आलेल्या माणसाचं नाव रोनन. तिशीचा, नम्र, पाय पुसून आत आला. हातातलं ओल मोजायचं छोटं यंत्र त्यानं भिंतीला लावलं, खिडकीपाशी धरलं, आकडे लिहिले. घर असं ऊबदार होतं की त्यानं जाकीट काढलं.

"काचांवर पाणी धरतं का?" त्यानं विचारलं.

"छे हो."

"बुरशी वगैरे?"

"माझ्या आईच्या घरात?" डेलिया म्हणाली, आणि तिच्या गालांवर खरोखरच लाली चढली.

"हिवाळ्यात थंडी वाजते?"

"आम्ही अगदी छान आहोत. काही त्रास नाही."

हे 'छान' फार वाईट. आयर्लंडच्या या भागात माणूस बैलाच्या पायाखाली सापडला तरी 'छान आहे, तुम्ही कसे आहात' म्हणून विचारेल. रोनन इथलाच होता, त्याला ते कळत असणार. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"हे बघा, मला जे दिसतं आणि तुम्ही जे सांगता, तेवढंच मला लिहिता येतं. तुमचे भाऊ हॉस्पिटलात आहेत ना? विचार करून सांगा. खिडक्यांचा काहीच त्रास नाही?"

डेलियानं त्याच्या ताटलीत टार्टचा आणखी एक तुकडा वाढला. "माझ्या भावानं स्वतःच्या हातानं बसवल्यात त्या," ती म्हणाली. बिचारा आणखी काय करणार होता? त्यानं चहा संपवला, आभार मानले आणि गेला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'खिडक्या समाधानकारक स्थितीत आढळल्या,' ही ओळ वाचून डेलियाला आधी आनंद झाला. हे फेलिमला वाचून दाखवलं पाहिजे असंही मनात आलं. मग तिनं पुढची ओळ वाचली. ओल आढळली नाही, सबब मदत मंजूर करता येत नाही.

ती पत्र घेऊन तशीच, ॲप्रनमध्ये, जोसीकडे गेली. जोसीनं उभ्या उभ्या वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बये! तू घर आवरलंस?"

"माणूस येणार होता, जोसी."

"माणूस येणार होता म्हणूनच नाही आवरायचं! माझ्याकडे आला होता तेव्हा मी ओले कोट खुर्च्यांवर वाळत घातले होते. शेकोटी पेटवली नव्हती. आमच्या मार्टिनला सांगितलं, तू फक्त खोक. तो इतका मन लावून खोकला की त्या माणसानं डॉक्टरला बोलवू का म्हणून विचारलं. आणि तू? तू त्याला टार्ट खाऊ घातलंस?"

"दोन तुकडे."

"दोन तुकडे," जोसी म्हणाली. "आणि माझे पडदे." हसू तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण डेलियाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. डेलिया रडत नव्हती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तिनं मुठीत आपल्या भावाला झाकलं होतं.

फोन जोसीनंच केला, आणि असा केला की कौन्सिलच्या बाईनं दुसऱ्यांदा पाहणीची तारीख देऊन टाकली. बुधवार. फेलिमला कुठे पाठवायचं हे ठरवणारी हॉस्पिटलची बैठक त्याच आठवड्यात शुक्रवारी होती. तोवर मंजुरीचा कागद आला नाही तर फेलिमला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात कायमची खाट मिळणार होती. ड्रमकीलमधून तिकडे आजवर चौघं गेले होते. चौघंही शवपेटीतून परत आले.

मंगळवारच्या बसनं डेलिया हॉस्पिटलात गेली. फेलिम खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, नळी नाकात. शर्ट त्याला आता दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा मोठा झाला होता. समाजसेविका कीन समोरच्या स्टुलावर बसून त्याला विचारत होत्या.

"फेलिम, वृद्धाश्रमाला तुमची हरकत नाही ना? खरं सांगा हं."

"काही नाही," फेलिम म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "छान होईल. तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा. मला काही त्रास नाही."

डेलियानं ते ऐकलं. आपलंच वाक्य, आपल्याच सुरात, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. अशी भीती तिला आईच्या मरणाच्या वेळीही वाटली नव्हती.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली.

कीन वळल्या. फेलिमनं मान वर केली.

"खोटं बोलतोय. त्याला घरी यायचंय. मीपण खोटं बोलले. घर ओलं आहे. भिंती काळ्या पडतात. मी रोज पहाटे टॉवेल पिळते, दीड बादली पाणी निघतं, आणि त्या माणसाला मी छान म्हणून सांगितलं." तिचा आवाज वॉर्डभर गेला, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "तुझ्या खिडक्या गेल्या, फेलिम. कधीच्या गेल्यात."

फेलिमचा चेहरा आधी लाल झाला. परक्यांसमोर, भरल्या वॉर्डात, बहिणीनं असं बोलावं! त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. कीनना उठून जावं की बसावं कळेना. मग फेलिमनं हात लांब केला आणि काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर स्लीट पडत होतं, अर्धं पाणी अर्धं बर्फ. त्यानं बोट डोळ्यांजवळ आणून पाहिलं. ते कोरडं होतं.

"दोन काचा आहेत यात," तो म्हणाला. "मध्ये हवा. चांगलं काम आहे."

"हो," डेलिया म्हणाली.

"मला ठाऊक होतं गं डेली. तुझं ते पिळणं ऐकू यायचं मला."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू गुपचूप पिळत होतीस ना. मला वाटलं, मला कळू नये अशी तुझी इच्छा आहे." तो खोकला, बराच वेळ, आणि कीननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. श्वास परत आल्यावर त्यानं विचारलं, "तो माणूस कधी येणार?"

"उद्या."

"चूल पेटती असली तर त्याला काय दिसणार? विझू दे चूल."

डेलिया म्हणाली, "आईची चूल आहे ती."

"आई घरी नाही. मी यायचं म्हणतोय." त्यानं डोळे मिटले. "विझू दे. बघू दे त्याला सगळं."

त्या रात्री डेलियानं निखारे झाकले नाहीत, खिडक्यांखाली टॉवेलही ठेवले नाहीत. बुधवारी सकाळी उठून तिनं चुलीच्या लोखंडावर हात ठेवला. इतकं थंड ते तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. सवयीनं टॉवेल उचलायला ती खिडकीपाशी गेली आणि हात मागे घेतला. पाणी पायथ्यावरून ओघळून जमिनीवर आलं होतं. नव्या रंगातून काळे ठिपके वर आले होते, फेलिमच्या खाटेच्या उशाशी सर्वांत दाट. तिनं कपाट ओढून पुढे घेतलं, म्हणजे मागचंही दिसेल. जोसीचे पडदे काढून घडी करून ठेवले. मग कोट घालून ती टेबलाशी बसली. मेलेलं माणूस घरात असताना बसतात तशी.

रोनन आला, दारातच थांबला. या वेळी त्यानं जाकीट काढलं नाही. यंत्र भिंतीला लावायची तशी गरज नव्हती, पण त्यानं लावलं, प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीपाशी. परत येऊन समोर बसला आणि तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले.

"काचांवर पाणी धरतं?"

"रोज. दीड बादली."

"बुरशी?"

"आहे. बघितलीत तुम्ही."

"थंडी?"

"हो."

प्रत्येक उत्तर ती टेबलाकडे बघून देत होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. लिहून झाल्यावर त्यानं अर्ज मिटला, आणि अर्जात नसलेलं एक विचारलं.

"आणि तुम्ही कशा आहात, डेलिया?"

नेहमीचा शब्द ओठांवर येऊन उभा राहिला. तिनं तो मागे ढकलला. त्यासाठी किती जोर लागला ते तिचं तिलाच माहीत.

"मी बरी नाहीये, पोरा," ती म्हणाली. "मला भीती वाटते. तो तिकडेच मरेल अशी मला भीती वाटते."

रोनननं अर्ज पुन्हा उघडला आणि वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'तातडीचं' असं लिहिलं. "उद्या दुपारपर्यंत कागद हॉस्पिटलात पोचेल," तो म्हणाला. "मी स्वतः नेऊन देतो. त्यांची खोली आधी करायला सांगतो, बाकीच्या मागाहून. पण कारागीर यायला पाच-सहा आठवडे तरी लागतील. तोवर त्यांना हॉस्पिटलातच राहावं लागेल, आणि त्यांची छाती..." तो थांबला.

"टिकेल," डेलिया म्हणाली. ते तिनं सांगितलं की विचारलं, हे त्याला कळलं नाही.

तो उठला. इथल्या माणसांसारखाच, उठल्यावर लगेच न निघता क्षणभर टेबलाशी घुटमळला. दोघांचीही नजर किटलीकडे गेली. किटली चुलीवरच होती, रोजच्या जागी.

"चूल विझलीय," डेलिया म्हणाली.

"असू दे," रोनन म्हणाला, आणि तसाच निघाला.