डाव्या बाजूचा क्लच

आधीच सांगते... मी नवस बोलत नाही, मांजर आडवं गेलं तर हॉर्न वाजवते, आणि या ग्रुपवरचे निम्मे भुताखेतांचे अनुभव मला अपचनाचे वाटतात. तरी लिहितेय, कारण मी गाड्यांच्या धंद्यातली माणूस आहे. गाडी बिघडली की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. या एका वेळी सापडलं नाही.

नागपूरला अमरावती रोडवर, वाडीत आमचं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. माझे मिस्टर आणि धाकटे दीर प्रमोदभाऊजी, अशा दोघांच्या नावावर. भाऊजी खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे शिकवायचे मिस्टरच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, शिकवायच्या गाडीत डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. रॉडने ती पेडलं ड्रायव्हरच्या पेडलांना जोडलेली असतात. डावा क्लच दाबला की उजवाही खाली जातो.

मिस्टरांचा पाय त्या डाव्या क्लचवरून कधी हलला नाही. बाया शिकायला यायच्या, गाडी मक्खन चालायची, त्या खूश. मग स्वतःच्या गाडीत बसल्या की पहिल्याच सिग्नलला गाडी बंद. कारण क्लच त्यांनी कधी सोडलेलाच नसायचा, यांनी सोडलेला असायचा.

मला त्यांनी एकदाच शिकवलं. नवीन लग्न झालेलं, दाभ्याकडच्या मोकळ्या मैदानात. मी सांगितलं तसं केलं — गिअर टाकला, क्लच सोडला, रेस दिली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. परत केलं, परत तेच. घामाने ओली झाले मी. मग खाली बघितलं तर यांचा पाय डाव्या क्लचवर, अर्धा दाबलेला, आणि हे हसतायत. मी म्हटलं, "पाय काढा." काढला नाही. हसतच राहिले.

तो किस्सा त्यांनी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला — पायाचं तेवढं वगळून. "आमच्या हिनं इंजिन फाडलं असतं, पण गाडी काही हलली नसती." लोक हसायचे. मी चहाचे कप गोळा करायचे.

गाडी मी पुढे शिकले ती सीताबर्डीच्या दुसऱ्या एका स्कूलमध्ये. बहिणीकडे जाते सांगून. लायसन्स कितीतरी वर्षं डाळीच्या डब्यामागे होतं.

मिस्टर हार्ट अटॅकने गेले. वर्षश्राद्धाच्या पंगतीत भाऊजींनी विषय काढला.

"वहिनी, हे काही बाईमाणसाचं काम नाही. चाबी मले देऊन द्या, माझा पोरगा पाहून घेईन."

"तुम्हाला कबूल असेल तर मी चालवते स्कूल," मी म्हटलं. "आधी गाडी चालवून दाखवते, मग बोला."

"दाखवा न. दादा तर सांगे, तुमच्यानं हलतच नाही म्हणून."

पंगत हसली. मी भजी वाढली.

स्कूल गेलं असतं तर मी भाऊजींच्या घरची मोठी वहिनी म्हणून उरले असते — नातवंडं सांभाळायला, लोणची घालायला. म्हणून त्याच आठवड्यात स्कूलची गाडी बाहेर काढली. आणि तिसऱ्या गिअरला क्लच स्लिप व्हायला लागला. रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडीला जोर येत नाही, वर जळका वास.

सगळं नीट तपासलं मी. पेडल दाबताना सुरुवातीला थोडी ढिलाई असावी लागते, नसेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ढिलाई होती. मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. प्लेट घासलेली असेल तर इंजिन चालूच राहतं. इंजिन धाडकन बंद झालं. म्हणजे प्लेट चांगली. रस्त्यावर नेली की पुन्हा तेच.

गोदामांच्या रांगेत गजूचं गॅरेज आहे, तिथे नेली. गजूने चक्कर मारली — गाडी उत्तम. मी मारली, तो शेजारी — स्लिप.

"राग नका मानू वहिनी, पण तुमचा पाय क्लचवर राहते."

"नाही राहत."

"बायांचं होतेच तसं. हिलची सँडल असते न."

"खाली बघ गजू. स्लीपर आहे."

गिअरबॉक्स उतरवायला लावला. प्लेट ठीक, तेलाचा डाग नाही, बेअरिंग ठीक. तरी प्लेट आणि केबल नवीन टाकली. फरक शून्य. शेवटी डावीकडच्या पेडलांचा रॉडच काढून डिकीत टाकला.

"आता हा क्लच नुसता शोभेचा," गजू म्हणाला. "दाबा नाही तर नाचा त्याच्यावर."

तरी स्लिप. फक्त मी चालवताना. गजूने हात पुसले. "खराबी असती तर मले पण दिसली असती न वहिनी." त्याला जे म्हणायचं होतं ते खापरखेड्यापर्यंत पोचलं, आणि रविवारी दुपारी भाऊजी आले.

"चला, दाखवा," म्हणाले. डावीकडे बसले, अगदी दादाच्या ऐटीत.

कोंढाळीच्या दिशेने निघालो. वाडी मागे पडली, तिसरा गिअर टाकला... इंजिन ओरडायला लागलं. गाडी ढिली. मागून ट्रकचा हॉर्न.

भाऊजी समोर बघतच म्हणाले, "पाय काढा वहिनी क्लचवरून."

मी डावा पाय उचलला आणि मांडी घातल्यासारखा सीटवर दुमडून घेतला. "हा पाहा पाय."

इंजिन ओरडतच होतं. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी दोन्ही पाय सीटला चिकटवून वर घेतले होते, खाली साप दिसल्यासारखे. आणि खाली डावा क्लच अर्धा दाबलेला होता. कोणाचा पाय नाही, कशाला जोडलेला नाही. त्याची स्प्रिंग अशी कडक आहे की हाताने दाबायलाही जोर लागतो.

मला भीती वाटली नाही. चीड आली. जुनीच, दाभ्याच्या मैदानावरची.

तेवढ्यात भाऊजी बोलले. आवाज अगदी लहान पोरासारखा झाला होता. "दादा... पाय काढ न गा. चालवू दे वहिनीले."

पेडल वर आलं. झटक्यात नाही — सावकाश, शिकवणारा माणूस सोडतो तसं. गाडीने जोर घेतला आणि सरळ निघाली.

वाडीत परत येऊन उतरताना भाऊजी म्हणाले, "कागद तयार करा, सही देतो." मला गाडी येते म्हणून नाही. दादाने हो म्हटलं म्हणून.

आता सगळ्या नातेवाइकांत हा किस्सा फिरतोय. भाऊजीच सांगतात, "दादाचा जीव अडकला होता वहिनीत." ऐकून जावांचे डोळे भरतात. मी सुरुवातीला सांगून बघितलं, की जीव नाही, पाय अडकला होता. कोणाला ते आवडलं नाही.

गजूने स्प्रिंग काढून तपासली, चांगली निघाली. कोणी उन्हाने लोखंड फुगलं म्हणतं, कोणी मला भास झाला म्हणतं. मग भाऊजींनाही झाला का? मला कारण माहीत नाही. इथे कोणी क्लचचं काम जाणणारं असेल तर सांगा, मी पटवून घ्यायला तयार आहे.

स्कूल चालू आहे. रॉड परत बसवलाय, नियमच आहे तो. डाव्या सीटवर आता मी बसते, पाय मागे ओढून. शिकणारीची गाडी बंद पडते, पडू देते. चार वेळा पडली की पाचव्यांदा ती स्वतः उचलते.

त्या गाडीच्या उजव्या सीटवर मात्र मी परत बसले नाही. परत तसं झालं तर 'पाय काढा' म्हणावं लागेल. ते माझं एकदा म्हणून झालंय.