साडूभाऊंची टिपणी

न वाचता कशावर सही करणं ज्याला आयुष्यात एकदाही जमलं नाही असा माणूस उभ्या मुंबईत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान भोईवाड्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत राहतात. त्या हवेचा परिणाम असेल. नवा फोन घेतला की तुम्हीआम्ही त्या लांबलचक नियम-अटींखालच्या 'मान्य आहे'वर बोट ठेवून मोकळे होतो. साडूभाऊंनी पहिला स्मार्टफोन सुरू केला तो आमच्याकडच्या सत्यनारायणाला. कथेचे पाचही अध्याय झाले, आरती झाली, पंगत उठली, तरी हे खिडकीत बसून कलम अकरा वाचत होते. "अहो, दाबा की एकदाचं," मी म्हणालो. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "खाली लिहिलंय, 'मी हे वाचलं आहे.' न वाचता वाचलं म्हणायचं? ही खोटी साक्ष झाली." माझ्या लग्नात तर त्यांनी हॉलच्या पावतीमागचे बारीक अक्षरातले नियम वाचून 'तांदूळ टाकण्यास मनाई आहे' हे कलम शोधून काढलं आणि मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावर भटजींना थांबवलं. तेव्हापासून सासरे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे. ते वकील नव्हते. ते संगणकवाले होते.

दादरच्या एका शिक्षणसंस्थेत, नाव नको, आम्ही दोघंही नोकरीला. मी कार्यालय अधीक्षक, ते संगणक विभागाचे प्रमुख. विभागात माणूस एकच, त्यामुळे प्रमुखही तेच आणि विभागही तेच. जिन्याखालच्या खोलीत संस्थेचा सर्व्हर होता. तीन शाळा आणि एका कॉलेजचे निकाल, दाखले, हजेरी, सगळं त्या एका यंत्रात. साडूभाऊ तिथे चपला बाहेर काढून जात. "धुळीसाठी," असं सांगत, पण चेहरा देवळात शिरल्यासारखा असे.

तर हा सर्व्हर ज्या प्रणालीवर चाले ती म्हातारी झाली. बनवणाऱ्या कंपनीने कळवलं, की यापुढे हिची दुरुस्ती आम्ही करणार नाही, नवी आवृत्ती घ्या. नव्या सुनेची चौकशी करावी तशी साडूभाऊंनी त्या आवृत्तीची चौकशी चार महिने केली, आणि दर रविवारी आमच्या जेवणात तिचे गुण वाढले. बऱ्याचशा दुरुस्त्यांसाठी म्हणे आता यंत्र बंद करावं लागत नाही. "चालत्या बसचं टायर बदलायचं, आणि आत बसलेल्याला पत्ताही नाही," हातातला घास तसाच धरून ते सांगत. "फक्त त्याची वर्गणी वेगळी." चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला ती पुढच्या प्रयत्नाआधी दोन क्षण ताटकळत ठेवते, याचं तर त्यांना कोण कौतुक. "चोराला लाख किल्ल्या लावून बघायच्या असतील तर जन्म जाईल त्याचा. आमच्या गावच्या आजोबांसारखी आहे. दारात कोणीही येवो, आधी सुपारी कातरत नुसते बघत बसायचे." ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आमटीची वाटी आपटून म्हणायच्या, "आता जेवा. तिचं उरलेलं कौतुक जाऊन तिलाच सांगा."

खरी मेख परवान्यांत होती. नव्या आवृत्तीचा परवाना यंत्रामागे एक असा मिळत नव्हता. यंत्राच्या मेंदूत जितके गाभे, म्हणजे 'कोअर', तितके मोजायचे, आणि कमी असले तरी सोळा धरायचे. वर सर्व्हरशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येक माणसाचा निराळा परवाना, आणि जुने परवाने नव्याला चालणार नाहीत. हे वाचल्यावर साडूभाऊ वही घेऊन संस्थाभर हिंडू लागले. ग्रंथपालबाईंना त्यांनी भर वाचनालयात विचारलं, "बाई, तुम्ही दिवसातून किती वेळा हात लावता?" सर्व्हर हा शब्द आधीच्या वाक्यात होता आणि ते वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांची लेखी तक्रार माझ्याच टेबलावर आली. शिपाई सावंत तर रडकुंडीला आला. "साहेब, मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी आलो की अंगठा लावतो, बस." "तोच तो अंगठा!" साडूभाऊ गरजले. हजेरीचं यंत्र सर्व्हरला जोडलेलं होतं, म्हणजे सावंतचाही परवाना लागणार. सावंत पुढे दोन दिवस अंगठा मुठीत दाबून फिरत होता.

या सगळ्याची तीन पानी टिपणी त्यांनी लिहिली. नवं काय मिळेल, कोणते परवाने किती लागतील, आणि विनापरवाना टाकलं तर संस्था कशी अडकेल, सगळं सरळ मराठीत. ती माझ्याकडे आली. मी आवक-शिक्का मारला, सही केली, सही-शिक्क्याची प्रत त्यांना दिली आणि मूळ टिपणी फाईलला लावली.

संस्थेचा कारभार ज्यांच्या हातात त्या कार्यवाहांनी तिचं फक्त शेवटचं पान वाचलं, जिथे खर्च होता, आणि एक पुरवठादार बोलावला. त्याच्याआधी त्याचं अत्तर केबिनमध्ये आलं. "सर, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "एक छोटी फाईल टाकतो, सगळं ॲक्टिव्हेट. सगळीकडे असंच चालतं." कार्यवाह माझ्याकडे वळले. "तुमचे साडू ना ते? समजवा त्यांना."

मी भोईवाड्याला गेलो. साडूभाऊ गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"अहो, टाकून द्या ना," मी म्हणालो. "संस्था त्यांची, यंत्र त्यांचं. आपल्या बापाचं काय जातंय?"

"मग त्यांनी टाकावं. माझ्या हाताने नाही."

"तो पुरवठादार टाकेल. मग तुमच्या बोलण्याला काय किंमत राहिली?"

त्यांनी शर्टाची घडी झटकली. "नसू दे किंमत. माझी टिपणी तेवढी फाईलला राहू दे. राहील ना?"

"राहील," मी म्हणालो.

पुरवठादाराने ती फाईल टाकली. तीन आठवड्यांनी कार्यवाहांनी मला केबिनमध्ये घेतलं. दार त्यांनी स्वतः लावलं. "त्या टिपणीची पानं तेवढी फाईलमधून काढून ठेवा. तात्पुरती." त्याच आठवड्यात माझ्या मुलीला आमच्याच कॉलेजात, गुण कमी असूनही, त्यांच्या शब्दावर प्रवेश मिळाला होता. पानं मी काढली. फाडली नाहीत, माझ्या खणात ठेवली, आणि फाडली नाहीत याचंच मला तेव्हा समाधान वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात चांगला ठरवतो!

वर्षभराने कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं, की तुमच्याकडचे परवाने दाखवा. सभा बसली. कार्यवाह हात पसरून म्हणाले, "आम्ही शिक्षणातली माणसं, आम्हाला यातलं काय कळतं? ज्याला कळतं त्याने सावध करायला नको?" साडूभाऊ उठले आणि म्हणाले, "माझी टिपणी फाईलला आहे." फाईल मागवली. मीच आणून दिली. चाळली गेली. टिपणी नव्हती. साडूभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो. सबंध ग्लास प्यायलो.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना निवृत्तीच्या दोन वर्षं आधी घरी बसायला सांगितलं. निरोपाला नारळ नाही की शाल नाही. जिन्याखालच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली. मी बसस्टॉपपर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो. तिथे न राहवून विचारलं, "तुमच्याकडे प्रत होती ना? दाखवली का नाहीत?"

"होती. खिशातच होती सभेत."

"मग?"

"तिच्यावर तुमची सही आहे. ती टेबलावर ठेवली असती, तर मूळ पानं कुठे गेली हा प्रश्न तुम्हाला आला असता." बस येताना दिसली तशी त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. "पोरीचं अजून दुसरंच वर्ष आहे. शिकू दे तिला." आणि ते चढले.

पुढे संस्थेने रीतसर परवाने घेतले. जितके साडूभाऊंनी लिहिले होते तितकेच लागले. मागणीपत्र मी टाईप केलं. आकडे खणातल्या पानांवरून उतरवून घेतले, कारण दुसऱ्या कोणाला ते मोजता येत नव्हते. कार्यवाहांचा त्या वर्षी सत्कार झाला, संस्था आधुनिक केल्याबद्दल. सूत्रसंचालन ग्रंथपालबाईंनी केलं. मीही टाळ्या वाजवल्या.

साडूभाऊ आमच्याकडे येत राहिले, पण जेवताना यंत्रांबद्दल बोलेनासे झाले. भात कसा मऊ झालाय म्हणत. माझ्या बायकोला अजून काही ठाऊक नाही. तिला वाटतं, त्यांचं वय झालं.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झालो. मला शाल मिळाली. खण रिकामा करून ती तीन पानं घेतली आणि थेट भोईवाड्याला गेलो. जाताना एक वाक्य तयार केलं होतं, ते दारातच विसरलो. पानं त्यांच्यापुढे धरली. "उद्या ही घेऊन संस्थेत जातो. सगळं सांगतो."

साडूभाऊंनी पानं हातात घेतली नाहीत. "तुमच्या पेन्शनचे कागद झाले?"

"अजून नाही."

"मग गप बसा. अडकवून ठेवतील." मग आत वळून ताईंना म्हणाले, "अगो, हे पण जेवतील. एक ताट वाढ."

सुरमई त्यांनी स्वतः बाजारातून आणली होती. ताई गरम गरम तळून आणत होत्या. मधला मोठा तुकडा साडूभाऊंनी उचलला, त्यातला काटा निगुतीने काढला आणि तो माझ्या ताटात ठेवला. "गार होईल," ते म्हणाले.

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ते वाढत राहिले.