म्हात्रेकाकांचं अधिक-उनं

"काका गेले हो ताई, सकाळी सहा बेचाळीसला." म्हात्रेकाकांच्या सुनेचा फोन आला, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, काका असते तर लगेच म्हणाले असते, "बेचाळीस? घड्याळ कोनाचा?" महिना होऊन गेला, तरी ते डोक्यातून जात नाही.

गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गाळ्यात आमची मापं तपासायची छोटी लॅब. कारखान्यांची गेजं, म्हणजे मापायची साधनं, यायची, आम्ही मोजून दाखला द्यायचो. काका जवळच्याच वटार गावचे, घरची केळीची वाडी, पण उभा जन्म याच कामात. मी साताऱ्याहून आलेली, नवखी, आणि खरं सांगते, जात्याच संशयी. यंत्र दाखवायचं १०.००४३, काका लिहायचे १०.००४, आणि पुढे ± ०.००२, म्हणजे खरं माप तेवढं इकडे-तिकडे असू शकतं. शेवटचा आकडा चक्क गायब! विचारलं तर म्हणायचे, "तो मशीनला दिसला, मला नाय दिसला. अधिक-उनं लिव, पोरी." मला वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी गुपचूप एक वही केली आणि गाळलेला प्रत्येक आकडा त्यात टिपू लागले.

मग ती पिन आली. वरची मर्यादा १०.००५ मिलिमीटर, यंत्रावर १०.००४३. सरळ पास की! काकांनी लिहिलं, "१०.००४ ± ०.००२. पास म्हणता येत नाही." गिऱ्हाईक भडकलं. माझी तर खात्रीच पटली, यांना चहापाणी हवंय. वही घेऊन मी मालकांकडे गेले, आणि काकांचा सहीचा अधिकार काढला गेला...

मालकांनी पिन मलाच परत मोजायला लावली. सकाळी आलं १०.००३६. दुपारी, तीच पिन, तेच यंत्र, १०.००५५! पुसली, गार होऊ दिली, परत मोजली: १०.००४९. अगं बाई, म्हटलं, हे काय करून बसले मी.

तिन्ही आकडे मी मालकांपुढे ठेवले, आणि आठवड्याने काका परत सहीला बसले. माझ्या टेबलावर सुकेळीची, घरच्या सुकवलेल्या केळ्यांची, पुडी ठेवली आणि म्हणाले, "खा." बस्स, एवढंच. माफी मागायला जीभच रेटली नाही. उद्या मागू, परवा मागू, करता करता वर्षं गेली... ती वही मी शरमेनं लॅबमधल्या टेबलाच्या खणात कोंबली होती, पुन्हा उघडलीच नाही.

परवा खण आवरताना उघडली. शेवटच्या पानावर माझं ठसठशीत अक्षर: "म्हात्रे लबाड. १०० टक्के." त्यापुढे काकांच्या पेन्सिलीचं बारीक ±, आणि पुढे काहीच नाही. जागा मोकळी सोडलेली, मी भरावी म्हणून.

त्यांनी हे कधी वाचलं? सुकेळी आणली त्याच्या आधी की नंतर? संशयी बाई मी, तेव्हापासून हाच एक संशय घेऊन बसलेय. आधीच वाचलं असेल, तर...

पेन्सिल घेतलीय हातात. किती लिहू, काका?