कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

मला शिक्षा झालेली आहे, हे मला शिक्षा भोगून झाल्यावर बऱ्याच काळानं कळलं. कळलं तेही बारामतीतल्या एका सेतू केंद्रात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली असताना.

नर्सिंगची शेवटची परीक्षा मी पास झाले होते. आता राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं, म्हणजे परवाना मिळणार आणि मग कुठल्याही हॉस्पिटलात सिस्टर म्हणून उभं राहता येणार. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींचे अर्ज तिथले एक वयस्कर काका भरून देत होते. नाव, गाव, जन्मतारीख असं मला विचारत ते भराभर पुढं चालले होते.

"कुठल्या न्यायालयानं दोषी ठरवलंय का... नाही," ते स्वतःशीच पुटपुटले.

"काका, थांबा," मी म्हणाले. "दोषी ठरवणं म्हंजे काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "म्हंजे शिक्षा. जेलबिल. तुमचा काय संबंध त्याच्याशी?"

"आधार कार्ड विसरलं," असं काहीतरी सांगून मी उठले आणि बाहेर आले. माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती. कॉलेजात वसतिगृह सगळ्यांना सक्तीचं, तिथं आम्ही एका खोलीत राहायचो; बारामतीतच तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. तिनं विचारलं, "काय झालं गं? पांढरी पडलीस." भूक लागलीय म्हणून मी वेळ मारून नेली.

ते प्रकरण निरवांगीचं, इंदापूर तालुक्यातल्या माझ्या गावचं. आमचं रान आणि चुलत्यांचं रान लागून, आणि दोघांना मिळून एकच चारी, म्हणजे कॅनॉलचं पाणी रानात आणणारा पाट. मला अठरावं पूर्ण झालं त्या उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटलं होतं. माझे वडील, आबा, रानाच्या दुसऱ्या टोकाला होते. आई आणि मी दारं धरत होतो, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवत होतो. आमची पाण्याची पाळी अजून संपायची होती, तेवढ्यात काकी आली आणि तिनं खोऱ्यानं माती ओढून आमचं दारं बुजवलं. आईनं ते परत फोडलं. मग बोलाचाली, शिव्या, आणि बघता बघता दोघी एकमेकींच्या अंगावर. मी पळत गेले आणि काकीचा दंड धरून जोरात ओढला. ती चारीच्या दगडावर आपटली. हाड मोडलं नाही, पण कोपरापासून खाली हात काळानिळा झाला. तिनं पोलिसात फिर्याद दिली. आरोपी दोन, आई आणि मी.

मग इंदापूरच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आबा आणि चुलते पुढच्याच हंगामात एकमेकांशी बोलायला लागले, पण काकीनं फिर्याद मागं घेतली नाही. मी तोवर नर्सिंगला गेले होते. प्रत्येक तारखेला कॉलेज बुडायचं. शेवटी आमचे वकील म्हणाले, "पोरी, ह्या तारखा काय संपायच्या न्हाईत. कबूल करून टाक. साहेब दंड करतील, विषय मिटला."

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे? कुणाचा दबाव नाही ना?" मी म्हणाले, कबूल आहे, दबाव नाही. आईनं मान हलवली. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ती कैद म्हणजे मागच्या बाकावर बसून राहणं. आई तिथंच पेंगली. संध्याकाळी एसटीत बसताना ती म्हणाली, "सुटलो बाई." मलाही तसंच वाटलं होतं.

सेतू केंद्रातून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ इंदापूरला वकिलांकडं गेले.

"शिक्षाच हाय ती," ते म्हणाले. "लहान असली म्हणून काय झालं?"

"मग आता?"

"कौन्सिलवाले बघतील, गुन्हा नैतिक अधःपतनाचा, म्हंजे चोरी, फसवणूक असला हाय का न्हाय. तुझा तसला न्हाय. पण शेवटी त्यांच्या मनावर."

नैतिक अधःपतन. एखाद्या रोगाचं नाव ऐकावं तसे ते दोन शब्द माझ्या अंगात शिरले. मी विचारलं, "आणि नाही लिहिलं तर?"

वकील म्हणाले, "कुणाला कळंल असं न्हाय. पण कळलं, तर मग खोटं लिहिल्याचा निराळा गुन्हा. परवाना जन्मात न्हाय मिळायचा."

त्या दिवसांत मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून जात होते. परवाना आला की तिथंच कायम करणार होते. एकदा दुपारी पोलीस एका आरोपीला तपासणीसाठी घेऊन आले. मला त्याचं बीपी घ्यायला सांगितलं. हवालदार दाराला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत म्हणाला, "सिस्टर, तुमचं गाव कंचं?"

"निरवांगी."

"तरीच. मी आधी इंदापूरलाच हुतो. कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय."

मी पट्टा गुंडाळला तो उलटा. सोडला, परत गुंडाळला. तो आरोपीच हळूच म्हणाला, "ताई, अजून उलटाच हाय पट्टा." आकडा काय आला तो मला दिसलाच नाही, दुसऱ्या सिस्टरला बोलावून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. हवालदाराला काही आठवलं होतं की त्यानं आपलं सहज विचारलं होतं, देव जाणे. पण तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. नाही लिहिलं, तर दारात खाकी दिसली की दर वेळी माझं हेच होणार, म्हातारी होईपर्यंत.

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, उद्या मीच बसते तुझ्याशेजारी." सेतूवाल्या काकांना मी "हो लिहा" म्हटलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मग निकालाची नक्कल जोडली आणि अर्ज गेला.

हॉस्पिटलच्या मेट्रनना सांगणं भागच होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "उत्तर येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. चादरी आणि स्टोअर बघ." दोन दिवसांत सगळ्या वॉर्डाला कळलं. मी आले की गप्पा थांबायच्या. एकीनं तर लॉकरला कुलूप लावायला सुरुवात केली. माझ्या हातून चोरी झालेली नाही, हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

कौन्सिलचं पत्र आलं: सुनावणीसाठी मुंबईला या. वकील म्हणाले, "फिर्यादीची हरकत न्हाय, असं दाखवता आलं तर बळ येईल."

फिर्यादी म्हणजे काकी. ती तेव्हा लेकीकडं लोणी भापकरला होती. मैत्रिणीच्या स्कूटीवरून आम्ही दोघी गेलो. वाटेत मी तिला दोनदा गाडी थांबवायला लावली. परत फिरू या म्हणाले. काकी दारातच शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला सारलं नाही की बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली. शेवटी उजवा हात पुढं करून म्हणाली, "थंडीत अजून कळ मारतीय ह्यात. ठावं हाय का तुला?"

"न्हाय काकी."

"कसं ठावं असंल? इचारायला तरी आलीस का कदी?"

मैत्रीण म्हणाली, "मावशी, तुम्ही थोडं लिहून दिलंत तर हिचं..."

"मी काय लिहून-फिहून देणार न्हाय," काकी म्हणाली. "तिनं मला वढलं न्हाय, असं खोटं मी सांगायची न्हाय. तुमच्या सायबास्नी म्हणावं, मला फोन लावा. इचारतील त्याचं खरं तेच सांगन." आणि तिनं लेकीला हाक मारून मोबाइलचा नंबर द्यायला लावला.

परत येताना मैत्रीण म्हणत होती, "अगदी नकार तर दिला नाही ना तिनं." पण ती खरं सांगणार होती, आणि तिचं खरं काय ते मला माहीत नव्हतं.

सुनावणीला आई माझ्याबरोबर आली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती माझ्या कानाशी लागली, "मी सांगते, मीच ढकललं म्हणून. तुझं नाव निघून जाईल."

"आई, तू काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडते."

"माझं काय जायचं हाय? मला कुठं नर्स व्हायचंय?"

माझं नाव पुकारलं तेव्हा तीही उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि एकटी आत गेले. टेबलामागं दोन बायका आणि एक गृहस्थ होते. काय घडलं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "फिर्यादी बाईंचं काही म्हणणं आणलंय?" त्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "लिहून दिलं नाही त्यांनी. फोन करा म्हणाल्या."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. खरंच फोन लावतील असं मला वाटलं नव्हतं. बाईंनी नंबर मागितला आणि स्पीकर चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली. मनात आलं, उचलूच नये तिनं.

"कोण हाय?" काकीचा आवाज आला.

बाईंनी ओळख सांगून विचारलं, "या मुलीनं तुम्हाला मारलं होतं का?"

"मारलं न्हाय. वढलं. मी पडले. लागलं मला, अजून दुखतंय."

सदस्य गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या पेनाकडंच बघत होते.

"मग तिला परवाना द्यावा, असं तुम्हाला वाटतं का?"

फोनमध्ये कोंबड्यांची कलकल आली; काकीनं आधी त्या हाकलल्या. मग काकी म्हणाली, "बाई, तिच्या आईचं केस माझ्या मुठीत हुतं. सोडत नव्हते मी. म्हणून तिनं वढलं. कोर्टात मला ह्ये कुणी इचारलं न्हाय आणि मीबी सांगितलं न्हाय."

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"कशापाई असंल? करू दे की तिचं काम." आणि तिनं फोन ठेवला.

मला बाहेर बसायला सांगितलं. निर्णय कळवू म्हणाले. आईनं विचारलं, "काय झालं?" मला सांगताच येईना, मी नुसती रडत होते. ती समजली की गेलं सगळं, आणि तीही रडायला लागली.

निर्णय यायला बरेच महिने गेले. तोवर मी चादरी मोजत होते. पोस्टमनची गाडी वाजली की हातातला गठ्ठा सुटायचा. शेवटी परवाना आला, सोबत यापुढं असं काही घडल्यास नोंदणी रद्द होईल अशी लेखी समज. मेट्रननी तो वाचला आणि म्हणाल्या, "उद्यापासून वॉर्डात ये." ज्या सिस्टरनं लॉकरला कुलूप लावलं होतं, तिनं पहिल्या दिवशी मला चहा आणून दिला. मी तो घेतला.

काकीला फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. हात आता कसा आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "हाय तसाच." त्यानंतर दर हिवाळ्यात मी तिला दुखण्यावरचं मलम पाठवते. ती लावते की नाही, कळत नाही.

परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. तेव्हाही दोषी ठरवल्याचा तो प्रश्न विचारतात. दर वेळी मी हो लिहिते, आणि वकील दर वेळी सांगतात, एकदा झालंय ते, आता काही होत नाही. मला ते पटतं. तरी उत्तर येईपर्यंत मला धड जेवण जात नाही.