उघड्या दारातली खुर्ची

इथे सौदीत, कतीफच्या बाजारात पापलेटं साफ करून घेत होते, तेव्हा वसंतरावांचा फोन आला. "सुमित्रा गेली," एवढंच म्हणाले. पिशवी तिथेच विसरून मी घरी आले. ताईंना अंत्यसंस्कारासाठी पुण्याला नेलं, मला जाता आलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला…

सुमित्राताई म्हणजे आमच्या कंपाउंडमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, शुक्रवारच्या मराठी वर्गाच्या बाई. नवऱ्याच्या, म्हणजे वसंतरावांच्या, नोकरीमुळे सौदीत येण्याआधी त्या अमेरिकेत एका कोर्टाच्या कचेरीत होत्या. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटणाऱ्यांची तिथे नोंद ठेवतात आणि त्यांच्यापासून पुढे धोका किती, हे न्यायाधीश तीन पातळ्यांमध्ये ठरवतात. त्यासाठीचे कागद ताई लावून द्यायच्या. एरवी खोबऱ्याच्या वड्या वाटत हिंडणारी ही बाई असलं काम करत होती, यावर माझा कितीतरी दिवस विश्वासच बसेना.

मग आमच्याकडे पेटी शिकवणारे एक सर आले. नाशिकचे, गोड बोलणारे. इथे परक्या मुलखात आपली एक खोडच आहे, मराठी बोलणारा कुणीही पहिल्याच शुक्रवारी मुलांचा काका होतो. मीही माझ्या ईराला त्यांच्या घरी एकटीला पाठवायचं ठरवून मोकळी झाले. ताई म्हणाल्या, "पेटी वर्गाच्या खोलीत शिकवू देत. दार उघडं आणि दोन मोठी माणसं हजर."

मी भडकलेच. "अहो, किती सज्जन माणूस आहे!"

"सज्जन दिसण्याचा रकाना कोर्टाच्या तक्त्यात नव्हता गं," त्या शांतपणे म्हणाल्या. आधीचे गुन्हे, पीडिताचं वय, जबरदस्ती झाली का, केलेलं कबूल करतो का, सुटल्यावर राहणार कुठे, अशा एकेका गोष्टीला गुण असत. आणि एक प्रश्न असे, ओळख मुद्दाम गुन्हा करण्यासाठीच वाढवली होती का? बेरजेवर वकील भांडत आणि कारण असेल तर न्यायाधीश पातळी वरखालीही करत. "पण हे सगळं गुन्हा शाबीत झाल्यावरचं," ताई म्हणाल्या. "या सरांनी काही केलेलं नाही. त्यांना मोजायचा आपल्याला काय अधिकार? आपण फक्त दार उघडं ठेवायचं."

नियम सगळ्यांना लागू झाला. वर्गाच्या ग्रुपवर एका बाईंनी सरांबद्दल कुजबुज सुरू केली, तर ताईंनी त्या बाईंना घरी जाऊन झापलं. वसंतराव तर महिनाभर रुसले होते. "म्हणजे माझ्यावरही संशय?" "संशय नाही हो, नियम," ताई म्हणायच्या आणि आपली वेताची खुर्ची दारात अडकवून बसायच्या. बाहेर भट्टी पेटलेली, एसीचा गारवा सगळा अंगणात. मुलं ओरडायची, "ताईआजी, इट्स सो हॉट!" पदराने वारा घेत त्या हसायच्या, पण खुर्ची हलायची नाही.

सरांनी तीन वर्षं त्या उघड्या दाराच्या खोलीत शिकवलं आणि मग ते बदली होऊन गेले. ईरा सुरेख वाजवते. मी एकदा ताईंना टोचलं, "बघा, काहीच झालं नाही. उगाच बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं केलंत."

"काहीच झालं नाही, हेच तर हवं होतं," त्या म्हणाल्या. फार आठवण येते त्यांची.

वसंतराव पुण्याहून परतले आणि "वर्ग मी चालवीन," म्हणाले. मागच्या शुक्रवारी पहिला वर्ग होता आणि दुसरं मोठं माणूस म्हणून मी जायचं होतं. नेहमीप्रमाणे मला उशीर झाला. धावत पोचले तर मुलं आत सावलीत पाढे घोकत होती आणि दारात ताईंची खुर्ची अडकवलेली होती. वसंतराव बाहेर अंगणात, भर उन्हात उभे होते. शर्ट घामाने चिंब.

"अहो, आत का नाही बसलात?"

"तुम्ही आला नव्हतात ना अजून," ते म्हणाले आणि माझ्या मागोमाग आत आले.